रॉड दर वेळी पिनमध्येच तुटतो? ग्रेड वाढवण्याआधी जोड तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कळव्याचे, डिप्लोमा करून मेहसाण्याकडे एका वर्कओव्हर, म्हणजे विहिरींची दुरुस्ती करणाऱ्या, कंत्राटदाराकडे लागलात. तुमच्याकडच्या एका एसआरपी (सकर रॉड पंप: जमिनीवरचं युनिट पोलादी रॉडच्या माळेने तळाचा पंप वरखाली करून तेल उपसतं) विहिरीत आठ महिन्यांत तीनदा रॉड तुटला आणि तिन्ही वेळा पिनमध्ये, म्हणजे रॉडच्या टोकाच्या आटे असलेल्या भागात. विहीर १,४०० मीटर खोल, वर ७/८ इंची आणि खाली ३/४ इंची ग्रेड डी (पोलादाच्या ताकदीची प्रत) रॉड, मिनिटाला आठ स्ट्रोक. खरेदी विभागाचं म्हणणं आहे की महागडे हाय स्ट्रेंग्थ रॉड घ्या, कटकट मिटेल. तुम्ही विचारताय, घ्यावेत का? आणि जाता जाता हेही, की त्याच युनिटच्या क्रँक पिनचा (फिरणाऱ्या क्रँकला पिटमन हा दांडा जोडणारी पिन) नट सारखा सैल होतो, त्याला दुसरा नट लावला तर चालेल का?

रॉड इतक्यात बदलू नका, आणि दुसरा नट मुळीच लावू नका. दोन्ही उत्तरांमागचं कारण एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सध्या रबाळे एमआयडीसीत आटे असलेल्या सुट्या भागांची तपासणी करतो; त्याआधी बरीच वर्षं गुजरातच्या विहिरींवर होतो. आपल्याकडे ठाण्यात 'ओएनजीसीत आहे' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बॉम्बे हाय आणि हेलिकॉप्टर येतं. तिथे समुद्रात तेल वर आणायला मुख्यतः गॅस लिफ्ट (विहिरीत गॅस सोडून तेल हलकं करून वर आणणं) वापरतात. मान हलवणारे हे एसआरपीचे लोखंडी घोडे बघायचे तर कलोल, मेहसाणा, अंकलेश्वर गाठावं लागतं. त्यामुळे या विषयावर बोलायला आपल्या भागात माणसं कमी भेटतात, आणि दुकानात 'ग्रेड वाढवा' हा सल्ला सहज मिळतो.

आधी थोडा हिशेब करू. २५ फुटी रॉड म्हणजे ७.६२ मीटर. १,४०० मीटरला सुमारे १८४ रॉड लागतात, म्हणजे पिना ३६८. मिनिटाला आठ स्ट्रोक म्हणजे दिवसाला ११,५२० आणि वर्षाला जवळपास ४२ लाख. दर स्ट्रोकला प्रत्येक जोडावर ओढ वाढते आणि कमी होते. तुमच्यासारख्या विहिरीत वरच्या रॉडवर जास्तीत जास्त सात टनांच्या आसपास भार येत असेल असं धरू. ७/८ इंची रॉडचं क्षेत्रफळ ३८८ चौरस मिलिमीटर, म्हणजे ताण साधारण १७७ मेगापास्कल. ग्रेड डीची किमान ताणशक्ती ७९३ मेगापास्कल आहे. पोलादाच्या ताकदीच्या पाव भागाहूनही कमी भार असताना रॉड तुटतोय. मग ताकद वाढवून काय साधणार? तो ओढून तुटलेला नाही. पुन्हा पुन्हा कमी-जास्त होणाऱ्या ताणाने एका जागी बारीक चीर पडली, ती लाखो स्ट्रोकमध्ये पसरत गेली आणि उरलेलं पोलाद एक दिवस सुटलं. याला आपण फटिग म्हणतो. चीर कुठून सुरू झाली हे शोधणं हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आता जोड काम कसा करतो ते. बरेच जण समजतात की रॉड आट्यांवर लटकलेला असतो. तसं असतं तर कुठलाच रॉड वर्षभर टिकला नसता. पिनचा खांदा (आट्यांमागची रुंद कड) आणि कपलिंगचा (दोन रॉड जोडणारी, आतून आटे असलेली नळी) फेस, म्हणजे तोंडाची सपाट कड, एकमेकांवर जबरदस्त दाबलेले असतात. त्यासाठी पिन आतून ताणून ठेवलेली असते. दोन हातांत पुस्तकांची चळत आडवी दाबून धरली की एकही पुस्तक पडत नाही, पण दाब जरा कमी झाला की मधलं पुस्तक निसटतं, तसंच हे. पिनमध्ये आधीच भरलेला ताण जोवर विहिरीच्या भारापेक्षा जास्त आहे, तोवर स्ट्रोकमागे होणाऱ्या चढउताराचा थोडाच वाटा पिनपर्यंत पोहोचतो. बाकीचा त्या दाबलेल्या फेसांमध्ये जिरतो. दाब गेला की फेस दर स्ट्रोकला उघडतात आणि मिटतात. मग सगळा चढउतार पिनवर येतो, शिवाय पिन वाकायला लागते, आणि फटीतून विहिरीचं खारं पाणी आत शिरून आट्यांच्या मुळाशी गंज धरतं. चांगल्यातली चांगली पिन अशा अवस्थेत फार दिवस काढत नाही.

म्हणून पहिला प्रश्न तुमच्या क्रूला विचारायचा: जोड घट्ट झाला हे तुम्ही कशावरून ठरवता? 'पॉवर टाँगचा (जोड आवळणारं हायड्रॉलिक यंत्र) प्रेशर गेज बघून' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. तुम्ही लावलेल्या टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, फार मोठा हिस्सा आट्यांतल्या आणि फेसमधल्या घर्षणात जातो. पिन ताणायला साधारण दहावा भाग उरतो. घर्षण किंचित वाढलं, म्हणजे आट्यात वाळू असली, ग्रीस वेगळं असलं, आटे वापरून खरखरीत झालेले असले, की गेज तोच आकडा दाखवतो आणि पिनमधला ताण मात्र निम्म्यावर येतो. गेज खोटं बोलत नसतो, तो फक्त दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो.

एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ११ बीआर या शिफारसपत्रात यावर साधा उपाय आहे आणि तो रॉड उत्पादक छोट्या कार्डावर छापून देतात. पिन हाताने फिरवून खांदा कपलिंगच्या फेसला टेकवायचा. मग दोन्हींवरून एक बारीक उभी रेघ ओढायची. टाँगने घट्ट केलं की रेघेचे दोन तुकडे होऊन एकमेकांपासून सरकतात. ते परिघावर किती सरकले हे कार्डाने मोजायचं. नव्या ७/८ इंची ग्रेड डी रॉडला ११/३२ इंच, म्हणजे सुमारे ८.७ मिलिमीटर सरक लागते. ३/४ इंचीला ९/३२ इंच. एकदा विहिरीत जाऊन आलेल्या रॉडला आकडा थोडा कमी असतो, आणि हाय स्ट्रेंग्थ रॉडला त्या त्या उत्पादकाचं स्वतःचं कार्ड असतं. एकाचं दुसऱ्याला वापरू नका. सरक मोजली की पिन किती ताणली गेली हे भूमितीवरून कळतं, घर्षणावर अवलंबून राहावं लागत नाही.

दिवसभरात १८४ रॉड उतरवताना प्रत्येक जोड मोजायला कोणी तयार होणार नाही, आणि तशी गरजही नसते. सुरुवातीचे काही जोड मोजून टाँगचं प्रेशर जुळवून घ्या. रॉडची साइझ बदलली की पुन्हा मोजा. हायड्रॉलिक ऑइल गरम झालं की टाँगचं वागणं बदलतं, म्हणून सकाळी जुळवलेलं दुपारी तपासा. जेवणाच्या सुट्टीनंतर तर नक्कीच. अधूनमधून एखादा जोड न सांगता मोजा. क्रूला ते आवडत नाही, पण चालायचंच. टाँग फार वेगात फिरवू नका, नाहीतर आटे एकमेकांना खरवडून धरतात. आणि 'मिल एंड', म्हणजे कारखान्यातून कपलिंग बसवून आलेली बाजू, लोक देवासारखी मानतात. रॉड वापरून बाहेर आला असेल तर तिचीही रेघ तपासा. तुमच्या तीन पिनांपैकी मिल एंडच्या किती होत्या, हे प्रश्नात नाही. ते महत्त्वाचं आहे.

रेघेच्या आधीचं काम म्हणजे स्वच्छता, आणि खरं नुकसान बहुतेक इथे होतं. खांदा आणि कपलिंगचा फेस कोरडे, चकचकीत हवेत. वंगण फक्त आट्यांना, तेही बेताने. फेसवर ग्रीसचा किंवा मातीचा थर राहिला तर जोड बसताना घट्ट वाटतो आणि विहिरीत काही दिवसांत तो थर पिळून निघाला की ताण सुटतो. पिन हाताने खांद्यापर्यंत जात नसेल तर टाँग लावायची नाही. काढा, साफ करा, बघा. तरीही जात नसेल तर ती पिन बाजूला ठेवा. टाँगने बसवलीत तर ती बसेल, आणि पुढच्या वेळी तिथेच तुटेल.

साठवणीचं एक सांगतो, कारण ते आपल्या गावाशी जोडलेलं आहे. बाहेरून येणारे रॉड आणि कपलिंग न्हावाशेवाला उतरले की काही वेळा पावसाळाभर तळोजा, पनवेलच्या गोदामात पडून राहतात. ट्रकवर चढवताना प्लास्टिकच्या टोप्या निघतात आणि कोणी परत लावत नाही. खाडीकडची दमट, खारी हवा उघड्या फेसवर बारीक खड्डे पाडायला वेळ घेत नाही. मेहसाण्याच्या कोरड्या हवेत तो माल उघडला की वरवर ठीक दिसतो. नखाने फेस चाचपा. खड्डा लागला तर तो जोड कधीच पुरता मिटणार नाही. रॉड जमिनीवर ठेवायचे नाहीत, लाकडी आधारांवर ठेवायचे, टोप्या शेवटच्या क्षणी काढायच्या, आणि रॉड उचलताना मधे झोळ पडू द्यायचा नाही.

आणि हातोडा. जोड सुटत नाही म्हणून कपलिंगवर घण घालायची सवय अजून गेलेली नाही. कपलिंगवरचा प्रत्येक घाव म्हणजे फटिगच्या चिरेला दिलेली जागा. घाव बसलेलं कपलिंग परत विहिरीत जाऊ देऊ नका, मग कोणी कितीही म्हणो की 'साहेब, जरासंच लागलंय'.

याच्या उलट टोकालाही जाऊ नका. क्रूला सैलपणाबद्दल झापलं की पुढच्या विहिरीत ते सगळं जीव खाऊन आवळतात. मग खांदा आणि आटे यांच्यामधला बारीक केलेला गळा ताणून कायमचा लांब होतो, पिन आतूनच मरते. कार्डावरचा आकडा दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो.

आता तुटलेल्या पिना. त्या कुठे आहेत? भंगारात गेल्या असतील तर चौथ्या वेळी तरी जपा. तुटलेले दोन भाग एकमेकांत बसवून बघायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा, कारण त्याने तुटीचा पृष्ठभाग घासला जाऊन पुरावा जातो. डिझेल आणि मऊ ब्रशने धुवा, तारेचा ब्रश नको, तेल लावून गुंडाळून ठेवा. साध्या डोळ्यांनीही बरंच दिसतं. गुळगुळीत, अर्धचंद्राच्या रेषा असलेला भाग म्हणजे चीर हळूहळू सरकली ती जागा; खरखरीत भाग म्हणजे शेवटचा झटका. खरखरीत भाग जितका लहान, तितका शेवटचा भार कमी होता. पिन खांद्याजवळच्या पहिल्या पूर्ण आट्याच्या मुळाशी तुटली असेल तर माझा पहिला संशय जोड सैल होण्यावर. गळा बारीक होऊन लांबलेला दिसला तर जास्त आवळलं. कपलिंगच तुटलं असेल तर बाहेरून घाव, एका बाजूची झीज की आतून आट्यांतून सुरुवात, हे बघा. खात्री हवी असेल तर ठाण्यात वागळे इस्टेटपासून रबाळे, महापेपर्यंत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या धातू तपासणीच्या लॅब आहेत. पिन कापून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून अहवाल देतात. नव्या रॉडच्या अख्ख्या माळेच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

इथवर मी धरून चाललोय की दोष जोड बसवण्यात आहे. ते खरं आहे की नाही, हे एका गोष्टीवर ठरेल: तिन्ही तुटी किती खोलीवर झाल्या? इकडे तिकडे विखुरलेल्या असतील, एक २०० मीटरवर, एक ९०० वर, तर हाताळणी आणि आवळणं यांवरच बोट ठेवावं लागेल. तिन्ही तळाजवळ असतील तर गोष्ट बदलते. पंप पुरता भरत नसेल तर खाली येताना प्लंजर (पंपाचा दट्ट्या) अर्ध्या वाटेत तेलाच्या पातळीवर आपटतो. त्या फ्लुइड पाउंडने खालचे रॉड दबून वाकतात, आणि नीट आवळलेला जोडसुद्धा हळूहळू सुटतो. गॅस जास्त असेल तर पंपाचं भरणं असंच बिघडतं. प्लंजर आणि पंपाचा तळ यांतलं अंतर चुकल्याने प्लंजर तळाला टेकत असेल तर आणखी वाईट. काही ऑपरेटर व्हॉल्व्ह मोकळा व्हावा म्हणून मुद्दाम टेकवतात. अशा विहिरीत डायनॅमोमीटर कार्ड (स्ट्रोकभरात रॉडवर येणाऱ्या भाराचा आलेख) घेतल्याशिवाय रॉडला हात लावू नका. उपाय तिथे वेगळे आहेत: स्ट्रोकचा वेग कमी करणं, पंप रिकामा होताच युनिट थांबवणारा कंट्रोलर, तळाशी जाड सिंकर बार (माळ खाली ओढून ताठ ठेवणारे वजनदार दांडे), टय़ूबिंग अँकर (तेलाची नळी विहिरीत घट्ट धरणारा). आणि तिन्ही तुटी एकाच पट्ट्यात, कपलिंग एका बाजूने झिजलेलं, असं असेल तर विहीर तिथे वाकडी आहे. रॉड गाइड (रॉडला नळीच्या भिंतीपासून दूर ठेवणारे) आणि रॉड रोटेटरचा (रॉड हळूहळू फिरवत ठेवणारा) विचार करा.

मग हाय स्ट्रेंग्थ रॉड कधी घ्यायचे? भाराचा हिशेब केल्यावर ग्रेड डी खरोखर अपुरा पडत असेल तेव्हा. तुमच्या आकड्यांवरून मला तसं वाटत नाही, पण तुमचं डायनॅमोमीटर कार्ड मी पाहिलेलं नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की पोलाद जितकं जास्त ताकदीचं, तितकं ते ओरखडे, घाव आणि गंजाचे खड्डे कमी सहन करतं. विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असेल तर जास्त ताकदीच्या पोलादाला अचानक तडा जाण्याचा धोकाही वाढतो. हातोडा चालवणाऱ्या, सरकेचं कार्ड न वापरणाऱ्या क्रूच्या हातात महाग रॉड दिले तर ते ग्रेड डीपेक्षा लवकरही तुटू शकतात. खरेदी विभागाला हे पटवायचं असेल तर लॅबचा अहवाल पुढे ठेवा. तोंडी सांगून उपयोग होत नाही असा माझा अनुभव आहे.

क्रँक पिनकडे येतो. ही पिन निमुळती असते आणि क्रँकच्या निमुळत्या भोकात ओढून बसवलेली असते. तिथेही तेच तत्त्व: भार पिन आणि भोक यांच्या दाबलेल्या पृष्ठभागांनी घ्यायचा असतो, नटने नाही. नट वारंवार सैल होतोय याचा अर्थ पिन भोकात नीट बसलेली नाही. भोकाच्या कडेला लालसर पूड दिसते का? दोन पृष्ठभाग एकमेकांवर बारीक घासल्याची ती खूण आहे, आणि तेव्हा दुसरा नट लावणं म्हणजे आजार झाकणं. पिन निसटली तर पिटमन सुटतो आणि अख्खं युनिट कोसळू शकतं.

युनिट थांबवा. फक्त ब्रेकवर विसंबू नका. क्रँक साखळीने किंवा कुलपाने बांधून ठेवा, काउंटरवेटचं (तोल साधणारं वजन) वजन टनांमध्ये असतं. पिन काढून भोक आणि पिन दोन्ही गंज, रंग, तेल काढून कोरडी करा. पिनला प्रशियन ब्ल्यूचा (पृष्ठभाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) पातळ हात द्या, बसवून काढा आणि भोकात रंग कुठे लागला ते बघा. सगळीकडे सारखा लागायला हवा. एकाच पट्ट्यात किंवा एकाच टोकाला लागला तर भोक लंबगोल झालंय. मग मशीन शॉपमध्ये दुरुस्ती, किंवा क्रँकवरचं दुसरं भोक वापरणं एवढेच पर्याय राहतात. पण भोक बदललं की स्ट्रोकची लांबी बदलते, त्याबरोबर बॅलन्स आणि रॉडवरचा भारही, म्हणजे हिशेब पुन्हा करा. रंग नीट लागला तर युनिटच्या पुस्तिकेप्रमाणे आवळा, स्प्लिट पिन नवी घाला, आणि नट आणि क्रँकवरून रंगाची एक रेघ ओढा. एका दिवसाने आणि पुन्हा आठवड्याने तपासा. रेघ सरकली नसेल तर पुढे ऑपरेटरला रोजच्या फेरीत लांबूनही दिसेल. कोणत्या बाजूच्या पिनला उलटे आटे आहेत हे आवळण्याआधी बघून घ्या. युनिट फिरण्याची दिशा मधे कोणी बदलली असेल तर तेही नट सैल होण्याचं कारण असू शकतं.

तेव्हा सध्या एवढं करा. तिन्ही तुटींची खोली, मिल एंड की फील्ड एंड (विहिरीवर जोडलेली बाजू), आणि रॉड नवे होते की वापरलेले, हे जुन्या टॅलीतून (रॉडच्या नोंदींतून) काढा. शेवटचं डायनॅमोमीटर कार्ड मिळवा. पुढच्या जॉबला क्रूच्या हातात सरक मोजायचं कार्ड, चिंध्या आणि मार्कर द्या, आणि घण गाडीतच राहू द्या. एखादी तुटलेली पिन यार्डात सापडली तर तिच्या तुटीचा जवळून फोटो इथेच टाका, बाजूने आणि समोरून असे दोन. खोलीचे आकडे सोबत असतील तर चीर कुठून निघाली याचा अंदाज मी लगेच सांगू शकेन.